शिंपल्यांची आडवाट

मृणालीच्या शिंपल्यांवर माझा पहिल्यापासून राग होता. दर पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी ती झाकणाची बादली घेऊन कॉलेजात यायची, आणि दुपारी पीएच.डी.च्या कामासाठी मुंबईच्या प्रयोगशाळेत जायला निघेपर्यंत ती बादली स्टाफरूममध्ये, नेमकी माझ्याच टेबलाखाली. बादलीत काळा चिखल, चिखलात शिंपल्या आणि खोलीभर कुजक्या अंड्यांचा वास. मी ब्राह्मण आळीतली. आमच्याकडे अंडंसुद्धा मागच्या दाराने, पिशवीत लपून यायचं. हे माझ्या नाकाला सोसणारं नव्हतं, आणि ते बोलून दाखवण्यात मी कधी कसूर केली नाही.

ती शांतपणे म्हणायची, अगं तनया, वास हाच तर मुद्दा आहे.

वास हा मुद्दा कसा, ते आधी सांगते. प्राणी श्वास घेतो म्हणजे शेवटी त्याच्या पेशींमधल्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्सिजन वापरून ताकद तयार होते. त्या कामाच्या अगदी टोकाला एक एन्झाइम बसलेलं असतं. सायनाइड जाऊन त्याचाच गळा धरतं, म्हणून माणूस मरतो. कुजक्या अंड्यांसारखा वास येणारा चिखलातला वायूही त्यालाच धरतो. वनस्पतींमध्ये मात्र एक आडवाट असते. मुख्य वाट बंद पडली तरी दुसरं एन्झाइम ऑक्सिजन घेत राहतं. ताकद कमी मिळते, पण जीव तगतो. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, तेव्हा हे आमच्या घरचं. सुरणाचं फूल उमलताना गरम होतं ते त्याच एन्झाइममुळे.

त्या सुमाराला, दोन हजार चार-पाचच्या आसपास, परदेशातून पेपर येऊ लागले होते की ही आडवाट काही बिनकण्याच्या प्राण्यांतही असावी. कालवांत तिची चिन्हं दिसली होती, चिखलातल्या काही कृमींतही. खेकडे-कोळंबीत दिसत नव्हती, पण शोधणारे तरी किती होते. मृणालीने त्यातला एक पेपर माझ्यापुढे टाकला तेव्हा मी म्हटलं, तुम्ही प्राणीवाले आता आमचं एन्झाइमही पळवणार का? ती हसली. वर्गात मात्र ती सुरणाचं नाव काढत नसे. भिवंडीच्या पोरांना ती सांगायची, लोडशेडिंग. लाइट गेली, शेठने जनरेटर लावला, सगळे लूम नाही चालले, पण चार चालले आणि कारखाना थंड पडला नाही. पोरांना लगेच कळायचं. माझं सुरण त्यांना कधीच कळलं नाही, ही गोष्ट वेगळी.

तिला हे खूळ लागलं ते तिच्या माहेरच्या खाजणामुळे. अंजूरला तिच्या वडिलांची, रामनाथकाकांची, खाडीला लागून बांध घातलेली खारी जमीन होती. एके काळी तिथे भात व्हायचा. पुढे बांध फुटला, कुणी बांधला नाही, आणि भरतीचं पाणी आत येऊन साचून राहू लागलं. त्यात वरच्या बाजूने रंग-धुलाईचं पाणी नाल्याने उतरायचं. कधी जांभळं, कधी हिरवं, शेवटी सगळं काळं. आधी कोळंबी गेली, मग चिखलात उड्या मारणाऱ्या निवट्या गेल्या, मग चिंबोऱ्या. शिंपल्या तेवढ्या राहिल्या. त्या काळ्या गाळात, जिथे हात घातला तर कातडी खाजायची, तिथे त्या निवांत होत्या. मृणालीचा प्रश्न एवढाच होता की या मेल्या कशा नाहीत.

उत्तर तिच्या मनात तयार होतं. यांच्याकडे आडवाट आहे. फक्त ते दाखवायचं होतं. शिंपलीच्या कल्ल्यांमधून मायटोकॉन्ड्रिया वेगळ्या काढायच्या, एका छोट्या बंद भांड्यात ठेवायच्या, भांड्यातला ऑक्सिजन मोजायचा. त्या श्वास घेतात तशी कागदावरची रेघ खाली उतरत जाते. मग सायनाइड घालायचं. रेघ आडवी झाली तर संपलं, दुसरी वाट नाही. रेघ हळूहळू का होईना पण उतरत राहिली, तर आडवाट आहे. दहावीच्या पोरालाही समजेल असा प्रयोग. बाहेरून फार सोपा दिसायचा.

शिंपल्या काढून द्यायची आक्का. आक्का म्हणजे रामनाथकाकांची थोरली बहीण. लवकर विधवा होऊन माहेरी परत आली आणि आई गेलेल्या मृणालीला तिनेच वाढवलं. तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन ती अंजूरहून भिवंडीच्या बाजारात मासळी विकायला यायची. भावाने जमिनी विकून घर वर आणल्यावर तिचा बाजार बंद झाला, पण पाय शिवशिवायचे. मृणाली पहिल्यांदा स्वतः खाजणात उतरली तेव्हा मांडीपर्यंत रुतली, तळपाय चिरला आणि पंधरा दिवस लंगडली. तेव्हा आक्काने सांगून टाकलं की तू मास्तरीण आहेस तर मास्तरकी कर, शिंपल्या मी देते. लग्नानंतर मृणाली नारपोलीला सासरी राहत होती. पंधरा दिवसांतून एका रविवारी रिक्षाने माहेरी जायची आणि बादली भरून घेऊन यायची.

तिने आक्काला एकच गोष्ट नीट बजावली होती. काढलेल्या शिंपल्या त्यांच्याच चिखलात ठेवायच्या. आक्का हो म्हणाली. बादलीत दर वेळी चिखल असायचाच, मी साक्षीदार आहे.

दोन वर्षं हे चाललं. मी चिडवायची, बादलीला हळदी-कुंकू लाव, घरातली झाली आता. सोमवारी ती मुंबईला जायची आणि मंगळवारी परत आली की मी तिच्या तोंडाकडे बघायची. रेघ आडवी. प्रत्येक वेळी आडवी. सायनाइड पडलं की श्वास तिथल्या तिथे थांबायचा, तुमच्या-आमच्यासारखा. तिने भांडं बदललं, रसायनं बदलली, उन्हाळ्यात करून पाहिलं, हिवाळ्यात करून पाहिलं. तिचे गाईड भला माणूस. ते म्हणाले, नाही हेही उत्तर आहे, लिहून टाका. मृणालीने लिहून टाकलं. एक छोटा पेपर छापून आला, की या जातीच्या शिंपल्यांत सायनाइडला न जुमानणारा श्वास आढळला नाही. प्रबंधातलं ते सर्वांत छोटं प्रकरण होतं. टाइप करताना ती माझ्याकडे बघून म्हणाली होती, मला वाटलं होतं यांना काहीतरी येतं. त्यांना काहीच येत नव्हतं गं, नुसत्या चिवट होत्या.

आता खाजणाचं. भिवंडीजवळच्या राहनाळपासून गोदामांची रांग सुरू झाली होती ती सरकत सरकत अंजूरला पोचली होती. रामनाथकाकांच्या दोन्ही बाजूंच्या जागा मुरूम टाकून भरून झाल्या होत्या. त्यांच्याकडेही जागा मागणाऱ्या पार्ट्या येऊन बसत. ते चहा पाजत आणि सांगत, पोरीचं शिक्षण चाललंय त्या चिखलात, ते होऊ दे. गावात लोक हसायचे. रामनाथ गाळात पोरगी शिकवतो म्हणायचे. ते तरीही थांबले. जमीन विकणाऱ्या माणसांबद्दल मी एरवी बरं बोलत नाही, पण या माणसाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ उचलत नाही.

पेपर छापून आला त्या दिवाळीत त्यांनी मृणालीला विचारलं की बाय, तुझं काम झालं काय. ती म्हणाली, झालं बाबा, तिथे काही नाही, भरा. हे तिने मला नंतर सांगितलं. त्या वेळी तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, उलट सुटल्यासारखं वाटलं होतं. डंपर आले, मुरूम पडला, पावसाळ्याच्या आत पत्र्याचं छप्पर चढलं. आक्का म्हणे रोज पडवीत बसून डंपर बघत होती.

पदवी मिळाली तेव्हा रामनाथकाकांनी गावजेवण घातलं. दोन हजार नऊचा मे महिना होता. अंगणात मांडव, दारात 'डॉ. मृणाली' लिहिलेला बॅनर, त्यावर तिचा लग्नातला फोटो. मलाही आग्रहाचं बोलावणं होतं. पुरुषांची पंगत बाहेर, आम्ही बायका मागच्या पडवीत. मागे पाहिलं की थेट गोदामाची निळी भिंत दिसायची. आक्का नव्या लुगड्यात, सगळ्यांना वाढत फिरत होती. पोरगी डॉक्टर झाली याचा अर्थ तिने आपल्या परीने लावला होता आणि दोन बायकांचं मृणालीला गुडघेदुखीचं औषध विचारून झालं होतं.

माझ्या शेजारी ठमाबाई बसली होती, त्यांची शेजारीण. ती गमतीने कुरकुरत होती की या पदवीत तिचाही वाटा आहे. आक्का अमावस्या-पुनवेच्या ओहोटीला शिंपल्या काढायची, आणि मग आठ-आठ दिवस ठमाबाईला विहिरीचं पाणी शेंदायला लावायची. मागच्या दारी तीन घमेली, गोडं पाणी, त्यात खडेमीठ, रोज सकाळी पाणी बदलायचं. मेलेली शिंपली उचलून टाकायची. एवढं तर आम्ही जावयासाठीसुद्धा करत नाही, ठमाबाई म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

मीही हसले. आमच्याकडे शिंपल्या शिजत नाहीत, त्यामुळे मला त्यात काही वावगं दिसलं नाही. नंतर कळलं की ती तिथल्या घराघरातली रीत आहे. शिंपली चांगल्या मिठाच्या पाण्यात ठेवायची म्हणजे ती पोटातला गाळ ओकून टाकते. लोक एक रात्र ठेवतात. आक्का आठ दिवस ठेवायची, कारण गाळ त्या खाजणातला होता आणि पोरगी घरची होती.

मृणाली हातात भाताचं पातेलं घेऊन उभी होती. तिने ते खाली ठेवलं.

"आक्का, मी चिखलात ठेव म्हटलं होतं ना."

"ठेवल्या की. तू येयाच्या आधी वरून चिखल घातला बादलीत. तुना चिखल पायजे होता ना." आक्का अभिमानाने हसत होती. "पन आतून सोच्छ केल्या होत्या. मुंबैचे साहेब बघनार. त्यांनी म्हनावं काय, अंजूरच्या लोकांनी घान धाडली?"

मी मृणालीकडे पाहिलं, आणि मलाही त्याच क्षणी कळलं. आडवाटेचं एन्झाइम कायम जागं नसतं. वनस्पतींतही नसतं. त्रास झाला की पेशी ते बनवते, त्रास सरला की ते हळूहळू नाहीसं होतं. कुजका वायू नाही, काळं पाणी नाही, रोज ताजं मिठाचं पाणी. त्या शिंपल्यांना आठ दिवसांत आडवाटेची गरजच उरली नसणार, आणि बादलीतल्या एका दिवसाच्या चिखलाने ती परत येणार नव्हती. दोन वर्षं मृणालीने सुखात असलेल्या शिंपल्या तपासल्या होत्या.

तिने तेव्हा गप्प बसायला हवं होतं असं माझं मत होतं, अजूनही आहे. पण तोंडावरचा रंग उतरला तो लपवता येईना, आणि आक्का काही आंधळी नव्हती. तिने हातातला वाढायचा डाव ठेवला आणि मृणालीला आत ओट्यापाशी नेलं. मीही मागे गेले.

"काय चुकलं माझं?" आक्काने विचारलं.

मृणाली म्हणाली, काही नाही. आक्काने पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मृणालीने सांगितलं. चिडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं, आक्काने दोन शिव्या देऊन सोडून दिलं असतं. तिने वर्गात सांगते तसं सांगितलं, सावकाश, अगदी माया लावून. खाजणातल्या गाळात शिंपलीचा नेहमीचा श्वास चालत नाही. तिथे तिला दुसरी वाट लागते. ती वाट मी शोधत होते.

"मेन लाइन चालू असली की जनरेटर बंद ठेवतात, आक्का. तू त्यांना चांगलं पाणी दिलंस. त्यांनी बंद केला असणार."

आक्काला लोडशेडिंग माहीत होतं. ती बराच वेळ ओट्याच्या कडेवरून हात फिरवत राहिली.

"म्हंजी मी धुतल्या म्हनून तुना गावलं न्हाय."

"बहुतेक हो."

"आनि तू बापाला भरा म्हनालीस."

बाहेरून रामनाथकाका जिलेबीसाठी हाका मारत होते. आक्का म्हणाली, "मना कुनी सांगलं न्हाय का धुयाच्या न्हाय." मृणाली म्हणाली की ते मी सांगायला हवं होतं, माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि ते खरंच होतं. चिखलात ठेव एवढं तिने सांगितलं होतं. धुऊ नकोस हे सांगायचं असतं, हे तिच्या ध्यानात यायला ती आक्काच्या शेजारी शिंपल्या निवडायला कधी बसलीच नव्हती. तिच्यापुढे लहानपणापासून थेट ताट यायचं.

परतताना रिक्षात मी तिच्यावर तोंडसुख घेतलं. त्या म्हातारीला सांगून काय मिळवलंस? शास्त्रज्ञांना खरं बोलण्याचा आजारच असतो, समोरचा माणूस मेला तरी चालेल. ती बाहेर बघत बसली होती. शेवटी एवढंच म्हणाली की ती मला विचारत होती, तनया, आणि मला तिच्याशी कधी खोटं बोलावं लागलं नाही.

पुढचे काही महिने तिने जागा शोधल्या. अंजूरच्या पुढे-मागे, खाडीच्या दोन्ही काठांनी, जिथे जिथे बांध फुटून पाणी साचलं असेल तिथे. काही ठिकाणी शिंपल्या होत्या पण पाणी बरं होतं. काही ठिकाणी पाणी काळं होतं आणि नुसती टरफलं. काळं पाणी आणि जिवंत शिंपली एकत्र, असं कुठे सापडलं नाही. ते एकाच ठिकाणी होतं आणि त्यावर आता कुणाचे तरी टीव्हीचे खोके रचलेले होते. मी म्हटलं, कदाचित नसेलच आडवाट. तुझंच उत्तर बरोबर असेल. ती म्हणाली, हो, असेल. आता कुणालाच कळणार नाही, हेच मला सोसत नाही. मग तिने त्या नियतकालिकाला कळवलं की नमुने हाताळण्यात माझी चूक झाली आहे, तो निष्कर्ष धरू नये. आक्काचं नाव त्यात नव्हतं. पदवी तिची तिच्याकडेच राहिली, बाकीची प्रकरणं चांगली होती.

त्यानंतर मी अंजूरला गेले ती पौषात. रामनाथकाकांना बरं नव्हतं, म्हणून मृणालीबरोबर पाहून यायला. आक्का वाळली होती. बोलली नीट, माझ्या आईची, माईची, चौकशी केली, पण एरवी शेजारच्या चार घरांना ऐकू जाणारा तिचा आवाज आता ओट्यापलीकडे जात नव्हता. कुणीतरी वसईकडून शिंपल्या आणून दिल्या होत्या, त्यांचं कालवण केलं होतं. माझ्यासाठी वेगळी डाळ होती. मी म्हटलं, आज मी शिंपल्याच खाणार. इतकी वर्षं टेबलाखाली वागवल्या, चव तरी कळू दे.

मृणालीला हसू आलं. आक्कालाही थोडं आलं असावं. तिने मला वाढलं, मृणालीला वाढलं, भावाला वाढलं.

पहिल्याच घासाला दाताखाली रेती आली. मला वाटलं, हे असंच असतं, आपल्याला सवय नाही. मग रामनाथकाकांकडे लक्ष गेलं. ते घास तोंडात तसाच धरून बहिणीकडे बघत होते. त्यांनी तो ताटाच्या कडेला काढून ठेवला आणि हळूच विचारलं, "आक्के, पान्यात ठेवल्या न्हाय काय?"

"न्हाय," आक्का म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती. "आता न्हाय ठेवीत मी. काय ठाव त्यांच्यातलं काय जातं."

माझे डोळे भरून आले आणि मी मान खाली घातली. मृणालीने भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, त्यात शिंपलीचं मांस घेतलं आणि खाल्लं. मग दुसरा घास घेतला. ती सावकाश, न थांबता, ताट पुसून सगळं जेवली, आणि तिच्या दाताखाली रेती करकरत होती ती मला शेजारी बसून ऐकू येत होती.